डावी बाजू

कॉलेज रोडच्या गार दुकानात
पोरानं मखमली पेटीतून केबल काढली.
सव्वा मीटर, अकरा हजार.
अंगावर बाण छापलेला.
म्हणाला, सर, आवाज या दिशेनंच जातो,
उलटी लावली तर बास बसतो.

मी एकतीस वर्षं टेलिफोनात केबल जॉइंटर.
गोवावेसच्या मॅनहोलात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून
कागदात गुंडाळलेल्या दोनशे जोड्या
एकेक करून जुळवल्यात या बोटांनी.
खानापूरचा माणूस निपाणीच्या माणसाशी भांडायचा,
दोघांच्या शिव्या एकाच जोडीतून यायच्या-जायच्या,
बाण कुणी काढला नव्हता.
हे त्याला सांगितलं नाही.
केबल तोलून बघितली, परत ठेवली.
पेटीचं झाकण मात्र छान बसत होतं.

मल्लेशप्पाचं दुकान जिन्याखाली,
वाकून जावं लागतं.
“काय शोधूलालाय काका?”
त्याच्याकडं रीळ असतं, पेटी नसते.
टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंत किती लांब, म्हणून मी हात पसरले.
“निम्मं करा. कपाट सरकवा.
सुई बोलते ते लई बारीक असतंय,
लांब वाटेला गळून जातंय.”
पिना दोन तऱ्हेच्या, दोन्ही सोनेरी.
एकीचं सोनं नखाला आलं.
दुसरी सॉकेटात घालून फिरवून दाखवली त्यानं:
“स्वल्प बिगी इरबेकु.” जराशी घट्ट.
जास्त घट्ट असली तर काढताना सॉकेटच उपटून येतं.

घरी लावलं, तर घुं.
वडगावात आमच्या मागच्या अंगाला बारा पॉवरलूम,
म्हटलं त्यांचीच.
साडेआठला लूम थांबले. घुं चालूच.
मग रेणुकानं बोट दाखवलं,
टर्नटेबलच्या बुडाशी लोंबणारी हिरवी तार.
“ही कसली?”
अर्थची.
गावभर अर्थ जोडत फिरलो
आणि घरात तेवढा लावायचा राहिला.
स्क्रू अर्धा फेरा आवळला.
घुं गेली, आणि स्वयंपाकघरातला नळ गळतोय ते कळलं.

पण डावीकडून आवाज बारीक.
नियम सोपा आहे:
लाल पिन पांढरीच्या जागी, पांढरी लालच्या.
दोष सरकला तर केबलीत आहे.
सरकला नाही.
स्पीकर अदलाबदल केले. जागचा हलला नाही.
मल्लेशप्पा फटफटीवरून मीटर घेऊन आला,
दोन्हीकडं काटा सारखाच नाचला.
त्यानं मीटर पिशवीत घातलं, चहा घेतला,
माझ्याकडं बघेना.
रेणुका म्हणाली, “अहो, तबला केवढ्यानं वाजूलालाय तिकडं.”

एकतीस वर्षं बझरचा हेडफोन डाव्याच कानाला.
उजवा हात कामाला मोकळा हवा ना.

खुर्ची फिरवली, भिंतीकडं तोंड करून बसलो:
तबला आला, सतार गेली.

काल रात्री घरात पुन्हा राळेचा वास.
उरलेल्या तारेतून डावी-उजवी एकत्र बांधली.
चष्मा दोनदा पुसला,
पण जोड चकचकीत आलाय, ओढून बघितला.
आता सगळे एकाच जागेवरून वाजवतात,
वऱ्हाड एका टेम्पोत कोंबल्यासारखे.

पहिली केबल गुंडाळून खिळ्याला टांगलीय.
भिशी नसली की रेणुका ती मागते.
लावून देतो,
आणि समोर बसून
तिची मांडीवर आपटणारी बोटं बघतो.
ठेका चुकतो तिचा.
चुकतो असं मला वाटतं.